नळदुर्गचे पाणी आणि वाट

सोलापूर-हैदराबाद मार्गालगत बोरी नदीच्या वळणावर उभा असलेला नळदुर्ग हा धाराशिव जिल्ह्यातील प्रवाशांचा जुना थांबा असून, येथील खरे आकर्षण तटापेक्षा पाण्यात आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, नदीवर दगडी बंधारा बांधून मुख्य किल्ला पलीकडच्या रणमंडळाशी, म्हणजे त्याच्या जोडकिल्ल्याशी, सांधण्यात आला आणि त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल ही दालने कोरीव कमानींसह बसविण्यात आली. पावसाळ्यात बंधाऱ्यावरील नर व मादी या दोन सांडव्यांतून, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटांतून, धबधबे कोसळतात, तेव्हा त्यांच्या मागील महालात बसणारा कोरडाच राहतो; संरक्षण, पाणीसाठा आणि विलास यांची अशी एकत्र बांधणी दख्खनमध्ये विरळाच. उपळी बुरुजावरून भोवतालचा प्रदेश दूरवर टेहळता येई.

1853 च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला, तेव्हा कारभार पाहणारे मेडोज टेलर येथे राहिले आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी त्या वास्तव्याची नोंद केली. 1860 मध्ये मुलूख निजामाकडे परतला.