रास्पबेरी पायचा बॅकअप: डीडी, आरसिंक, बोर्ग की रेस्टिक? कोणतं टूल कधी वापरायचं?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नवतपात घरोघरी कूलर दिवसरात्र चालतात. त्यातच वादळ आलं की ‘लाईन’ जाते. दोन मिनिटांत ती परत येते, पंखा आणि टीव्ही पुन्हा सुरू होतात. पण घरातला रास्पबेरी पाय सुरू होईलच याची खात्री नसते.

क्रेडिट कार्डएवढा हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. मुलांना कमी पैशांत प्रोग्रामिंग शिकता यावं, हा ब्रिटनच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनचा मूळ हेतू होता. आज अनेक जण त्यावर घरचे फोटो साठवतात, सीसीटीव्ही चालवतात, छोट्या दुकानाचा हिशेबही ठेवतात. मात्र बहुतेक ठिकाणी हे सगळं नखाएवढ्या मायक्रो एसडी कार्डवर असतं.

कार्ड का बिघडतं?

कार्डमधल्या फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं आणि सिस्टीम तर सतत काही ना काही लिहीत असते. लिहिणं सुरू असतानाच वीज गेली की फाइल अर्धवट राहते आणि कधी कधी पूर्ण कार्डच वाचता येत नाही. बोर्डला ५ व्होल्ट लागतात. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह दिसतं. प्रोसेसर ८० अंशांवर गेला की बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. चांगला अ‍ॅडॅप्टर आणि छोटा यूपीएस लावला तर धोका कमी होतो, पण संपत नाही. म्हणून बॅकअप हवाच.

आधी ठरवा, परत काय हवंय?

टूल निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: उद्या कार्ड गेलं तर सगळ्यात आधी काय परत हवं? अर्ध्या तासात सगळं जसंच्या तसं सुरू व्हायला हवं असेल, तर पूर्ण कार्डाची प्रत लागते. सिस्टीम नव्याने टाकता येईल, पण फोटो आणि हिशेब जाता कामा नये, असं असेल तर फाइल्सचा बॅकअप लागतो. या दोन कामांची टूल्सही वेगळी आहेत.

पूर्ण कार्डाची प्रत

*एसडी कार्ड कॉपियर:* रास्पबेरी पाय ओएसच्या डेस्कटॉप आवृत्तीत हे आधीच असतं. यूएसबी रीडरमध्ये दुसरं कार्ड लावायचं आणि कॉपी करायची. कमांड लिहावी लागत नाही, त्यामुळे नवशिक्यांसाठी हेच सोपं.

*डीडी:* हे जुनं आणि भरवशाचं टूल आहे. ते कार्ड पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत कॉपी करतं. म्हणूनच ६४ जीबीच्या कार्डवर फक्त ६ जीबी डेटा असला तरी इमेज ६४ जीबीचीच होते. ती नंतर ‘पायश्रिंक’ने लहान करता येते. डीडी वापरताना बोर्ड बंद करून कार्ड दुसऱ्या संगणकात लावलेलं बरं, कारण चालू सिस्टीमची प्रत अर्धवट निघू शकते. कमांडमध्ये ड्राइव्हचं नाव चुकलं तर भलतीच डिस्क पुसली जाते, हेही लक्षात ठेवायला हवं.

फाइल्सचा बॅकअप

*आरसिंक:* हे १९९६ पासून वापरात आहे आणि फक्त बदललेल्या फाइल्स कॉपी करतं. त्यामुळे ते वेगवान आहे, कमी क्षमतेच्या बोर्डवरही चालतं. पण साध्या वापरात ते जुन्या आवृत्त्या ठेवत नाही. फाइल आज खराब झाली, तर रात्री तीच खराब फाइल बॅकअपमधल्या चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसते.

*बोर्ग:* हे रोजची वेगळी आवृत्ती ठेवतं, पण सारखा डेटा एकदाच साठवतं. त्यामुळे महिनाभराचे बॅकअपही कमी जागेत मावतात. घरातली हार्ड डिस्क किंवा दुसरा लिनक्स संगणक यांच्यासाठी ते उत्तम.

*रेस्टिक:* कामाची पद्धत बोर्गसारखीच, पण क्लाउडवर थेट बॅकअप पाठवता येतो. डेटा कायम कुलूपबंद असतो. पासवर्ड विसरला तर तो कोणीही उघडून देऊ शकत नाही, त्यामुळे पासवर्ड कागदावर लिहून घरात जपून ठेवावा. ५१२ एमबी रॅमच्या बोर्डवर मोठा बॅकअप मात्र रेंगाळू शकतो.

क्लाउडचा विचार करताना इंटरनेटचा अपलोड वेगही बघावा. १० एमबीपीएस वेगाने १०० जीबी चढवायला सुमारे २२ तास लागतात. म्हणून पहिला बॅकअप घरच्या डिस्कवर घ्यावा आणि क्लाउडवर आधी महत्त्वाचं तेवढंच पाठवावं.

कुठे चुकतं?

- मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचे असतात. लिनक्समधल्या फाइलचा मालक कोण, परवानगी कोणाला, ही माहिती त्यावर टिकत नाही. आरसिंकसाठी डिस्क ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करावी.
- चालू डेटाबेसची फाइल थेट कॉपी केली तर ती निकामी निघू शकते. आधी डेटाबेसच्या स्वतःच्या सोयीने प्रत काढावी आणि मग तिचा बॅकअप घ्यावा.
- पाय ५ च्या आधीच्या बोर्डांमध्ये वीज गेल्यावर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. इंटरनेट येईपर्यंत तारीख चुकीची असू शकते. वेळ जुळल्यावरच बॅकअप सुरू होईल अशी व्यवस्था करावी.
- बॅकअपची डिस्क कायम त्याच बोर्डला जोडलेली असेल, तर एकाच विजेच्या झटक्यात दोन्ही जाऊ शकतात. डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१ नियम इथेही लागू होतो.

मग निवड कशी करायची?

बहुतेक घरांना दोन टूल्स पुरतात. सिस्टीममध्ये मोठा बदल केला की एसडी कार्ड कॉपियरने एक जादा कार्ड तयार करून ठेवायचं. रोजच्या फाइल्ससाठी घरातल्या डिस्कवर बोर्ग किंवा घराबाहेरच्या प्रतीसाठी रेस्टिक. बोर्ड फक्त जाहिराती अडवत असेल, तर जादा कार्ड तेवढं पुरे.

परत आणून पाहिलंय का?

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐनवेळी एकही धड चालत नव्हती. सहा तास आधी एका अभियंत्याने स्वतः काढलेली प्रत हाताशी होती, म्हणून नुकसान साधारण तेवढ्याच वेळेच्या डेटावर थांबलं.

टूल कोणतंही असो, जादा कार्ड लावून बोर्ड सुरू होतो का, हे एकदा पाहायलाच हवं. बॅकअपमधले दोन-चार फोटो दर महिन्याला उघडून बघावेत. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि ती कार्ड चालू आहे तोवरच काढता येतात.