डॅन्यूब : दहा देशांची एक नदी

सुमारे २,८५० किलोमीटर लांबीची डॅन्यूब ही व्होल्गाखालोखाल युरोपातील सर्वांत लांब नदी. मात्र व्होल्गा आपला सारा प्रवास रशियाच्या भूमीतच पुरा करते, तर डॅन्यूब जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, क्रोएशिया, सर्बिया, रोमानिया, बल्गेरिया, मोल्दोव्हा आणि युक्रेन अशा दहा देशांना स्पर्श करते. इतक्या देशांशी नाते सांगणारी दुसरी नदी जगात नाही. म्हणूनच ही नदी माणसांना विभागणारी सीमा की जोडणारा सेतू, हा प्रश्न तिच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहतो.

जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ प्रदेशात उगम पावणारे ब्रेग आणि ब्रिगाख हे दोन प्रवाह डोनाउएशिंगेन या गावाजवळ एकत्र येतात व तेथून नदीला ‘डोनाउ’ हे नाव लाभते. पुढे प्रत्येक भाषेने तिला आपापले नाव दिले आहे. हंगेरियन लोकांची ती ‘दुना’, तर सर्बियन लोकांची ‘दुनाव’. या नावांच्या मुळाशी असलेला प्राचीन शब्द वेदांतील ‘दानु’ या शब्दाचा सगोत्र असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

उगमापासून थोड्याच अंतरावर निसर्गाचा एक चमत्कार पाहावयास मिळतो. इमेंडिंगेनजवळ नदीचे पाणी चुनखडीच्या खडकात झिरपून नाहीसे होते आणि वर्षातील बरेच दिवस पात्र कोरडे पडते. हे पाणी भूगर्भातून वाहत जाऊन आख नदीच्या झऱ्यातून वर येते व अखेर ऱ्हाईनला मिळते, हे १८७७ मधील प्रयोगांनी सिद्ध झाले. म्हणजे डॅन्यूबचे काही पाणी पूर्वेच्या काळ्या समुद्राऐवजी उत्तर समुद्राला जाते.

व्हिएन्ना व ब्रातिस्लाव्हा मागे टाकल्यावर हंगेरीत नदी एकाएकी दक्षिणेकडे वळते. बुडापेस्टनंतरच्या सपाट मैदानात द्रावा, तिसा आणि बेलग्रेड येथे सावा या उपनद्या तिला मिळतात. चार देशांच्या राजधान्या काठावर असण्याचा मान तिला लाभला आहे. पुढे कार्पेथियन व बाल्कन पर्वतांमधील ‘आयर्न गेट्स’ ही अरुंद घळ ओलांडून ती तीन मुख्य शाखांनी काळ्या समुद्राला मिळते. पेलिकन पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या येथील त्रिभुज प्रदेशाचा १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

रोमन साम्राज्याची उत्तर सीमा दीर्घकाळ या नदीवरच होती. तरीही सम्राट ट्राजनने इ. स. १०५ च्या सुमारास तिच्यावर भव्य पूल उभारला व पैलतीरावरील डाशिया जिंकून घेतला. पुढे ऑटोमन फौजा याच खोऱ्यातून वर सरकल्या. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा पाडाव झाला. १५२९ आणि १६८३ मध्ये व्हिएन्नालाच वेढा पडला. एकोणिसाव्या शतकात मात्र जोडण्याचे पर्व सुरू झाले. १८४९ मध्ये बुडा आणि पेश्त यांना जोडणारा साखळी पूल खुला झाला व १८७३ मध्ये ओबुडासह ही शहरे एक झाली. १८५६ च्या पॅरिस तहाने मुखाकडील जलवाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला.

योहान स्ट्राउस (धाकटा) याच्या ‘ब्ल्यू डॅन्यूब’ या वॉल्ट्झने १८६७ नंतर ही नदी जगभरच्या रसिकांच्या कानी पोहोचवली. प्रत्यक्षात तिचे पाणी बहुधा हिरवट वा करडेच दिसते. तिच्या काठाने क्रौर्यही पाहिले आहे. १९४४-४५ मध्ये बुडापेस्टच्या ज्यूंना काठावर पायांतील जोडे काढावयास लावून गोळ्या घालण्यात आल्या. २००५ पासून तेथे मांडलेले लोखंडी जोड्यांचे ६० जोड त्यांची आठवण देतात.

विसाव्या शतकाने नदीला बांध घातले. रोमानिया व युगोस्लाव्हियाने १९७२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘आयर्न गेट्स’ धरणाने वीज दिली; परंतु तुर्की वस्तीचे आदा काले हे बेट पाण्याखाली गेले आणि समुद्रातून अंडी घालण्यासाठी वर येणाऱ्या स्टर्जन माशांची वाट अडली. हंगेरी व चेकोस्लोव्हाकिया यांच्या १९७७ च्या धरण करारातून हंगेरीने अंग काढून घेतले, तर १९९२ मध्ये स्लोव्हाकियाच्या बाजूने नदीचे पाणी वळवण्यात आले. १९९७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोन्ही पक्षांना दोषी ठरवून वाटाघाटी करण्यास सांगितले.

१९९९ मध्ये नाटोच्या बॉम्बहल्ल्यांत नोव्ही साद येथील पूल कोसळले आणि काही वर्षे जलवाहतूक खोळंबली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर काळ्या समुद्रातील बंदरे कोंडली गेली, तेव्हा युक्रेनचे धान्य इझमाइल व रेनी या डॅन्यूबवरील बंदरांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये तीही ड्रोन हल्ल्यांचे लक्ष्य बनली. त्याच २०२२ च्या उन्हाळ्यातील अवर्षणाने सर्बियातील प्राहोव्होजवळ दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जर्मन युद्धनौका उघड्या पाडल्या.

नदीच्या रक्षणासाठी १९९४ मध्ये सोफिया येथे काठावरील देशांचा करार झाला. वरच्या देशाने सोडलेली घाण खालच्या देशाच्या वाट्याला येते आणि खालच्या देशाने बांधलेले धरण वरच्या देशाचे मासे अडवते, ही जाणीव त्यामागे होती. सीमा की सेतू, याचे उत्तर नदी देत नाही. ते काठावरच्या माणसांनाच द्यावे लागते.