काळ्या कापडावरची खडूची रेघ

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जोव्हान्नी बात्तिस्ता मोरोनी या इटालियन चित्रकाराचे ‘शिंपी’ नावाचे एक चित्र आहे. काळ साधारण १५६५ ते १५७०. फिकट रंगाची तंग बंडी आणि तांबडी तुमान ल्यालेला एक तरुण मेजापाशी उभा आहे. हातात कात्री, समोर काळे कापड, कापडावर खडूच्या पांढऱ्या रेघा. कात्री चालवण्यापूर्वी त्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले आहे. या चित्राविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्या नजरेविषयी. आम्हांला मात्र मेजावरच्या कापडाविषयी लिहावेसे वाटते.

आज काळ्याइतका सोपा रंग नाही. त्या काळी खरा काळा मिळवणे हे रंगाऱ्याच्या कसोटीचे काम होते. मायफळ आणि हिराकस एकत्र केले की काळे होते, हे बाळगुटी उगाळणाऱ्या आणि शाई करणाऱ्या आपल्या घरांनाही ठाऊक होते. पण त्यातले लोह कापडाला हळूहळू खाते. म्हणून उंची कापड आधी निळीत गडद बुडवीत, मग त्यावर मंजिष्ठेचा तांबडा चढवीत. प्रत्येक बुडवणीला पैसा लागे. १४१९ साली बापाचा खून झाल्यावर बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने धरलेला काळा वेष पुढे दरबारी ऐटीचा झाला. १५२८ साली कास्तिल्योनेने आपल्या ‘दरबारी’ या ग्रंथात काळ्याची शिफारस केली, आणि स्पेनच्या राजदरबाराने तर त्याला गणवेशाचीच प्रतिष्ठा दिली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून आलेल्या कांपेचे लाकडाने काळा स्वस्त झाला खरा, पण तो टिकेना. इंग्लंडने १५८१ साली कायद्याने त्याला बंदी केली. काळ्यातही अस्सल आणि नक्कल असा भेद होता, आणि पाहणाऱ्याला तो कळत होता.

असे कापड गिऱ्हाईक स्वतः खरेदी करी आणि मग शिंप्याच्या हवाली करी. कापडाच्या किमतीपुढे शिलाई अगदी किरकोळ. म्हणजे शिंप्याच्या हाती आपल्या मजुरीच्या अनेक पट मोलाचे परके धन असे, आणि त्यावर कात्री चालवायची असे. एकदा चाललेली कात्री माघारी येत नाही.

हिवाळ्यासाठी शिवायचा तो ‘जुब्बोने’. हा शब्द मुळात अरबी ‘जुब्बा’वरून आलेला, आपल्या झब्ब्याची आठवण व्हावी असा. वर काळी लोकर किंवा मखमल, आत ताठ तागाचे कापड, मध्ये कापूस, सर्वांत आत अस्तर. हे थर धावदोऱ्याने टाचून मग कडा जोडायच्या. शिवणे कष्टाचे, पण खरी परीक्षा बेतण्यात. अशा कापडाला लव असते. दोन बाह्या उलटसुलट बेतल्या तर उजेडात एक काळी आणि दुसरी करडी दिसते. म्हणून तुकडे फिरवून कापड वाचवण्याची सोपी वाट बंद. मग काखेत, टाचेत, नजर जाणार नाही अशा ठिकाणी कळ्या जोडायच्या.

उरलेले तुकडे शिंपी लाटतो, हा आरोप युरोपभर होता (आणि तो तिथेच होता असे आमचे म्हणणे नाही). १५८० साली माद्रिदमध्ये हुआन दे अल्सेगाचे पुस्तक छापले गेले. कोणते वस्त्र, किती पन्ह्याच्या कापडातून, किती लांबीत, तुकडे कसे मांडून काढावे, याचे आराखडे त्यात पानोपान आहेत. आम्हांला ते शिवणकलेच्या पुस्तकाइतकेच एका व्यवसायाने दिलेले जाहीर हिशेबपत्र वाटते. भूमितीचे नाव त्याने शीर्षकातच घातले आहे.

मोरोनीच्या शिंप्याचे नाव कोणी नोंदवले नाही. १६६० साली बोस्कीनी या व्हेनिसच्या लेखकाने हे चित्र पाहून लिहिले, की हा शिंपी कोणत्याही वकिलापेक्षा अधिक बोलतो. स्तुती मोठी, पण तीतही त्याच्या समोरच्या रेघांचा उल्लेख नाही. असो.

हिराकशीत रंगवलेली त्या काळची काळी वस्त्रे आज तपकिरी पडून, तंतू तुटून चुरा होत आहेत. संग्रहालयांत ती अंधारात, सपाट निजवून ठेवावी लागतात. मोरोनीच्या मेजावरचे कापड अजून काळेच आहे, आणि अजून कापलेले नाही.