वेळनोंद व देयक प्रणाली

वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्या कार्यालयात कोणत्या अशिलासाठी किती वेळ खर्ची पडला हे नोंदवून त्यावरून बिल तयार करणारे सॉफ्टवेअर. तासावर फी आकारण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बॉस्टनचे वकील रेजिनाल्ड हीबर स्मिथ यांनी हेल अँड डॉर या फर्ममध्ये वेळपत्रकांची शिस्त लावली. १९७५ मध्ये गोल्डफार्ब खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनेचे किमान दरपत्रक बेकायदा ठरवल्यावर ती पद्धत पक्की झाली.

एकक बहुधा तासाचा दहावा भाग, म्हणजे ६ मिनिटे. अपुरे एकक पूर्ण धरतात, म्हणून १४ मिनिटांचा फोन ०.३ तास म्हणून लागतो. नोंदीत अशील, प्रकरण, काम करणारा, त्याचा दर आणि तपशील असतो. ‘फोन’ एवढा शेरा अपुरा; ‘भाडेकरारातील मुदतवाढीच्या कलमावर चर्चा’ असा हवा. नोंद काम संपताच करावी. आठवड्याअखेर आठवून भरलेले पत्रक अशिलावर किंवा कार्यालयावर अन्याय करतेच. बिल काढण्यापूर्वी भागीदार तास तपासतो, काही माफ करतो.

भारतात सनदी लेखापालांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. व्यावसायिक संस्थेला दिलेल्या वकिली सेवेवरचा कर मात्र सामान्यतः अशीलच भरतो, म्हणून दोन्हींचे बिलनमुने वेगळे ठेवावे लागतात.