पैंजणांचा आवाज कुठे गेला?

हुपरीतलं लग्न म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याची कसोटीच. गाव चांदीच्या दागिन्यांचं. चांदी प्रकाश सरळ लेन्सवर परत फेकते, आणि पैंजणांच्या घुंगरांचा आवाज असतो बारीक, वरच्या पट्टीतला. कॅमेरा कुठे कमी पडतो ते इथे लगेच कळतं.

व्हीएचएस दोन्हींत कमी पडायचं. चित्राचा बारकावा जेमतेम २४० रेषांचा. साध्या कॅमेऱ्यात आवाज टेपच्या कडेच्या अरुंद पट्टीवर नोंदला जाई, आणि टेप सेकंदाला अडीच सेंटीमीटरहूनही कमी सरके. त्यामुळे वरचे सूर गळून जात. बँडचा ढोल ऐकू यायचा, घुंगरू नाही.

१९९५ मध्ये मिनीडीव्ही टेप आली. त्याच वर्षी आलेल्या सोनीच्या व्हीएक्स१००० मध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगांसाठी तीन वेगळे सीसीडी होते. आपल्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं, बारकावा सुमारे ५०० रेषांचा. आवाज १६ बिटचा, सेकंदाला ४८ हजार नमुने. कागदावर हे सीडीच्या तोडीचं.

प्रत्यक्षात खाचाखोचा होत्या. स्वस्त कॅमेऱ्यांत एकच छोटा सीसीडी, त्यामुळे कमी उजेडात चित्र दाणेदार. म्हणून मांडवात सनगन आला. पण त्याचा झोत चांदीवर चमकला की सीसीडीच्या चित्रात उभी पांढरी रेघ उमटू शके. पुढे सीमॉस सेन्सरने ही रेघ घालवली, पण फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की अर्धीच फ्रेम उजळायला लागली. आवाजाची पातळी कॅमेरा स्वतःच ठरवायचा: बँड वाजला की सगळं दाबायचा, शांतता झाली की टेपच्या मोटरची घरघर वर आणायचा.

कॅमेरा घेताना चर्चा याच गोष्टींची: तीन सीसीडी की एक, १६ बिट की १२. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यातला मोठा आकडा वेगळाच दिसतो. मिनीडीव्हीवर चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट खर्च होत. घरी मिळायची ती मात्र व्हीसीडी: ३५२ बाय २८८ बिंदू, सेकंदाला सव्वा मेगाबिटही नाही. म्हणजे बिंदू चौथा हिस्सा, माहिती विसावा हिस्साही नाही. कॅमेरा कितीही भारी असो, कपाटात राहिली ती ही चकती. मूळ टेप अनेकदा पुढच्या लग्नासाठी पुन्हा वापरली जाई. आज टीव्हीवर नवरीचा चेहरा चौकटी-चौकटींचा दिसतो, त्यात कॅमेऱ्याचा दोष फार थोडा.

म्हणून कपाटात काडेपेटीहून थोडी मोठी टेप सापडली तर जपा. चालू कॅमेरा आणि फायरवायर केबल मिळाली, तर टेपवरचे आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरवर उतरतात. देताना डीव्हीडी मागू नका, मूळ डीव्ही फाइल मागा. तासाला साधारण १३ जीबी. आजच्या १२८ जीबीच्या मेमरी कार्डवर आठ-नऊ तास सहज मावतात. घाई मात्र करा, कारण टेप वाचणारे कॅमेरे टेपांच्या आधी संपत चालले आहेत. ज्या आजीचा आवाज फक्त त्या लग्नात नोंदला गेला, तिच्या पैंजणांसकट तो त्या टेपवरच आहे.