रेकबॅक, नाल आणि एक संशोधन-प्रश्न

ऑनलाइन पोकरवर संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात, तर तुमचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असणार: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? प्रश्न चुकीचा नाही. पण त्यावर वकील, न्यायालयं आणि कंपन्या इतकं बोलल्या आहेत की नवं सांगायला फारशी जागा उरत नाही. त्याऐवजी असं विचारून बघा: खेळवणाऱ्याला त्यातून काय मिळतं, आणि ते कसं?

आधी साधा हिशेब करू. समजा, २०२२ साली बोरिवलीचा एक मुलगा लोकलमध्ये मोबाइलवर ५-१० रुपयांच्या टेबलावर पोकर खेळतोय. ४०० रुपयांच्या डावातून कंपनी ५ टक्के, म्हणजे २० रुपये, कापून घेते. हा रेक. महिन्याभरात त्याच्याकडून ३,००० रुपये रेक गेला आणि कंपनीने त्यातला ३० टक्के परत केला, की ९०० रुपये हातात येतात. हा रेकबॅक. टेबलावर तो ५०० रुपये हरलेला असला तरी महिनाअखेर ४०० शिल्लक. असे पैसे साठवून बँकरोल, म्हणजे खेळाचं भांडवल, वाढवायचं आणि मग मोठ्या टेबलावर जायचं, अशी ही पद्धत.

आता तोच हिशेब उलटा वाचा. रेक नसता तर हा मुलगा २,५०० रुपयांनी पुढे असता! म्हणजे समोरच्या खेळाडूंकडून तो जिंकतच होता. त्याला तोट्यात नेलं रेकने. रेकबॅक म्हणून आलेले ९०० त्याचेच होते, आणि ते जास्त हवे असतील तर जास्त डाव खेळणं भाग होतं.

जुगाराच्या अड्ड्यावर चालक जो वाटा कापून घेतो, त्याला आपल्याकडे ‘नाल’ म्हणतात. रेक हा त्याचाच अवतार. मटक्यात हा वाटा वेगळा कापत नसत, तो भावातच असे. आकडे दहा, पण एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊच मिळत. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये मुंबईत मटका सुरू केला, त्याच्या इतिहासात या दोघांची नावं सतत येतात. हा एक रुपया मात्र क्वचितच येतो.

कायद्याने मात्र हा वाटा कधीच नजरेआड केला नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात ‘जुगाराचा अड्डा’ कशाला म्हणायचं? जिथे जागा चालवणाऱ्याच्या फायद्यासाठी खेळाची साधनं ठेवली जातात, त्या घराला, खोलीला किंवा जागेला. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. पण त्याच निकालात क्लब घेत असलेल्या फीचीही चर्चा आहे: सोयींसाठी वाजवी फी चालेल, पण मालक खेळातूनच नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हा भाग जरूर वाचा.

मोबाइल आला आणि ‘खोली’ नाहीशी झाली. लोकलचा डबा काही जुगाराचा अड्डा नव्हे. मग सरकारने पैशाचाच माग काढला. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला; त्याआधी कंपन्या फक्त आपल्या वाट्यावर १८ टक्के भरत होत्या. करासकट भरलेल्या १,००० रुपयांतले सुमारे २१९ रुपये करातच जाऊ लागले. अनेक कंपन्यांनी बोनस देऊन ही झळ भरून काढली खरी, पण पाच-दहा रुपयांच्या टेबलावरचं गणित नाजूक होतं ते आणखी नाजूक झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. दीडशे वर्षं जवळ आलेला वाद एका व्याख्येत बाजूला पडला.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. १८८७ च्या कायद्यात अड्डा चालवणाराही दोषी आणि तिथे खेळताना सापडलेलाही. २०२५ च्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. खेळाडू आरोपीचा पीडित कधी आणि कसा झाला? माझ्या मते प्रबंधाचा प्रश्न इथे आहे.

त्यासाठी साधनंही हाताशी आहेत. निकालपत्रातला निष्कर्ष वाचून थांबू नका, सुरुवातीची वस्तुस्थिती वाचा: फी किती होती, कोण घेत होतं, कशाबद्दल. कंपन्यांच्या जुन्या अटी-शर्तींत रेक आणि बोनसचे नियम शोधा. प्रत्येक कागदाला एकच विचारा: नाल कुणाच्या खिशात गेली? उत्तरं कालक्रमाने मांडलीत की प्रस्तावाचा सांगाडा तयार होईल.