नावं मावली नाहीत

मुंबईत येऊन गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढला नाही असा माणूस सापडणं कठीण. त्या कमानीच्या माथ्यावर काय कोरलंय हे सांगणारा सापडणं त्याहून कठीण. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी भारतात उतरले, त्याची ही आठवण, असा तिथल्या इंग्रजी मजकुराचा अर्थ. गंमत म्हणजे ते उतरले तेव्हा कमान नव्हतीच. पायाभरणी त्याच वर्षी मार्चमध्ये झाली होती, जॉर्ज विटेटच्या आराखड्याला मंजुरी मिळायला १९१४ उजाडलं आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे एक राजा बोटीतून उतरला एवढी गोष्ट विसरली जाऊ नये म्हणून तेरा वर्षं काम चाललं.

एखादं नाव टिकवायचंच ठरवलं, तर ते असं टिकवता येतं. मग ज्यांची नावं टिकली नाहीत, त्यांचं काय झालं?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या मामेभावाचा आहे. तो एकवीस वर्षांचा, नौदलात अग्निवीर. बारावीनंतर भरती झाला, ओडिशात आयएनएस चिल्कावर प्रशिक्षण घेतलं आणि नंतर मुंबईत आला. इथे येऊन कित्येक महिने झाले तरी त्याने शहर असं पाहिलंच नव्हतं. शनिवार-रविवार सुट्टी मिळाली तेव्हा म्हणाला, "दादा, मॉल नको. काहीतरी जुनं दाखव." तो कुलाब्यालाच राहतो, म्हणून आम्ही दक्षिण टोकापासून उत्तरेकडे चालत यायचं ठरवलं.

सुरुवात अफगाण चर्चपासून. खरं नाव सेंट जॉन चर्च. नेव्हीनगरच्या वाटेवरचं हे गॉथिक चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. त्याचा उंच मनोरा एके काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खुणेसारखा उपयोगी पडायचा. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्या सैनिकांचं हे स्मारक. काबूलच्या गादीवर आपल्या सोयीचा अमीर बसवायला कंपनी सरकारने १८३९ मध्ये फौजा आत घातल्या. मुंबई इलाख्याची फौजही त्यात होती आणि त्या फौजेत कोकणातले, देशावरचे शिपाई भरपूर असत. आंब्याच्या मुलखातला माणूस बोलन खिंडीच्या थंडीत कशासाठी चालत होता, हे त्याला कोणी समजावून सांगितलं असेल असं वाटत नाही.

चर्चच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्याखालच्या लेखाचा आशय असा: वर ज्यांची नावं लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची संख्या इतकी मोठी आहे की नावं लिहिता येत नाहीत अशा हवालदार-शिपायांच्या स्मरणार्थ.

मामेभावाने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे जे कमी मेले त्यांची नावं आहेत. जे जास्त मेले त्यांची नाहीत."

इतका सरळ हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. छावणीबरोबर चालणारे पाणके, सईस, हमाल, उंटवाले यांचा तर त्या लेखात उल्लेखही नाही. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना जो जथा कापला गेला, त्यात लढणारे सुमारे साडेचार हजार होते आणि असे बिनलढाऊ लोक बारा हजारांच्या आसपास. सैन्याच्या इतिहासात 'सैन्य' हा शब्द बहुतेक वेळा त्या छोट्या आकड्यासाठीच वापरला जातो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे 'नावं फार होती' हे कारण मला लगेच खटकलं. फौजेत प्रत्येक शिपायाची हजेरी लागायची, पगार त्याच्या नावावर निघायचा, मेला की नाव कमी व्हायचं. म्हणजे यादी होती. ती भिंतीपर्यंत आली नाही, एवढंच. माहिती नसणं ही एक गोष्ट आणि असलेली माहिती न दाखवणं ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीमागे कुणाचा तरी निर्णय असतो.

चर्चकडून गेटवेकडे येताना कुलाब्यातच एका छोट्या बागेत खलाशाचा पुतळा आहे. १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावाचं ते स्मारक. मामेभावाला हा उठाव परीक्षेतल्या एका वाक्यापुरता माहीत होता. तो घडला मात्र तो रोज चालतो त्याच रस्त्यांवर.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्यात 'तलवार' नावाचं नौदलाचं संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होतं. तिथल्या खलाशांनी सकाळचं जेवण नाकारलं आणि कामावर जायलाही नकार दिला. जेवण निकृष्ट होतं, गोऱ्या खलाशांपेक्षा पगार कमी होता, आणि केंद्राचा प्रमुख कमांडर किंग हिंदी खलाशांना गलिच्छ शिव्या द्यायचा. बी. सी. दत्त या तरुण खलाशाला त्याआधीच भिंतींवर इंग्रजविरोधी घोषणा लिहिल्याबद्दल अटक झाली होती. दोन-तीन दिवसांत हे लोण मुंबईहून कराचीपर्यंत पोचलं. साधारण ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि २०,००० खलाशी त्यात होते असं मानलं जातं. एम. एस. खान संपसमितीचे अध्यक्ष होते, मदन सिंग उपाध्यक्ष.

त्यांच्या मागण्यांची यादी वाचण्यासारखी आहे. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियात पाठवलेल्या हिंदी फौजा परत आणा, या मोठ्या मागण्या आहेतच. पण त्यांच्याच शेजारी चांगलं जेवण, सारखा पगार, आणि युद्ध संपल्यावर घरी पाठवल्या जाणाऱ्या खलाशांची कामधंद्याची सोय याही आहेत. युद्धासाठी पोरं भराभर भरती केली होती. युद्ध संपलं, आता त्यांचं करायचं काय, हे कुणी ठरवलं नव्हतं. ही मागणी मामेभावाने मोबाईलवर परत परत वर सरकवून वाचली. अग्निवीरांची नोकरी चार वर्षांची, पुढे शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना कायम करतात. त्याने त्यावर काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गेटवेपाशी पोचलो तेव्हा त्याला सांगितलं, की राजाच्या या कमानीपाशी १९४६ च्या त्या फेब्रुवारीत वेगळीच गर्दी होती. जहाजांवरचं अन्न संपत आलं होतं, म्हणून मुंबईकर खाण्याच्या वस्तू घेऊन धक्क्यावर येत होते. हॉटेलवाले, दुकानदार, साधी माणसं. जहाजांवरून होड्या यायच्या आणि लोक त्यांत फळं, भाकऱ्या भरून द्यायचे. त्यातल्या एकाचंही नाव इथे कुठे नाही. याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, भारत सोडून गेली. खलाशांनी शस्त्रं खाली ठेवल्याला तेव्हा दोन वर्षं आणि पाच दिवस झाले होते.

पुढे लायन गेट. आत नौदलाची गोदी. तिथला पहिला सुका गोदीहौद १७५० च्या सुमाराचा. वाडिया घराण्याच्या हाताखाली इथे सागवानी जहाजं बांधली गेली. त्यातलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. गेटाजवळच्या चौकात 'विक्रांत'च्या भंगारातून केलेलं शिल्प आहे. ही विमानवाहू नौका १९७१ च्या युद्धात लढली आणि २०१४ मध्ये तोडली गेली. तिचं काही पोलाद बजाजच्या व्ही मोटारसायकलींत गेलं, हे मात्र मामेभावाला आधीच माहीत होतं.

जरा पुढे, एशियाटिकच्या पायऱ्यांमागे आयएनएस आंग्रे. "दादा, मोबाईल खिशात ठेव," तो म्हणाला. इथे फोटो काढायचे नसतात. १९४६ मध्ये हिचं नाव कॅसल बॅरॅक्स होतं. २१ फेब्रुवारीला इथे खलाशी आणि सैन्य यांच्यात गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी शहर बंद झालं. गिरण्या थांबल्या, रस्त्यांवर लष्कर उतरलं, आणि दोन दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक मेले. परळला गोळी लागून गेलेल्या कमल दोंदे यांचं नाव आपल्याला माहीत आहे. बाकीचे बहुतेक जण आकड्यात आहेत.

सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली. कुणावर सूड उगवला जाणार नाही असा त्यांचा समज होता. पण चारशेहून अधिक जणांना नौदलातून काढून टाकलं गेलं आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं गेलं नाही. दत्त पुढे पत्रकार झाले. कित्येक वर्षांनी नौदलाने आपल्या दोन टगबोटींना बी. सी. दत्त आणि मदन सिंग ही नावं दिली. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी छोटी, दमदार बोट. मामेभावाला ते आवडलं. "टगशिवाय कुणाचंच चालत नाही," तो म्हणाला.

शनिवारची शेवटची जागा सीएसएमटीसमोरचं आझाद मैदान. १८५७ मध्ये हा एस्प्लनेडचा मोकळा भाग होता. मुंबईच्या पलटणींतले काही शिपाई दिवाळीत उठायचा बेत करत होते. पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेटने वेश बदलून, भिंतीला कान लावून त्यांचं बोलणं ऐकलं. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना इथे तोफेच्या तोंडी दिलं. बघायला शिपायांच्या पलटणी उभ्या केल्या होत्या.

आता हे अफगाण चर्चशेजारी ठेवून बघा. तिथे लेख कोरला गेला तोही त्याच काळातला, फौजही मुंबईचीच. स्मरणासाठी हवालदार-शिपायांची नावं लिहिणं अशक्य होतं. शिक्षा देताना मात्र एका हवालदाराचं आणि एका शिपायाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं बिनचूक सापडलं. १९४६ लाही तसंच. कुणाला काढायचं त्या याद्या नावानिशी तयार झाल्या, गोळीबारात मेलेल्यांचा उरला तो आकडा.

रविवारी सकाळी मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये गेलो. मालाची ने-आण, टेम्पो, हातगाड्या यांच्या गर्दीत ही इमारत आहे. पर्यटकांच्या कुठल्याच यादीत ती नसते. परवानगी मागितली, मिळाली. इथे पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे. समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेले हे लोक. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार खलाशांची नोंदवहीही इथे आहे आणि तिचीच जुळी प्रत बांगलादेशात चितगावला आहे. कारण जहाजांच्या पोटात कोळसा टाकणारे, डेक घासणारे हे लोक कोकणातले होते, गोव्यातले होते, तसेच सिल्हेट-नोआखलीचेही होते. नंतर सरहद्द आखली गेली. बुडालेल्यांची वाटणी करता येत नाही, म्हणून वहीच्या दोन प्रती झाल्या.

म्हणजे नावं लिहिता येतात. साडेसहा हजारही येतात.

हे स्मारक सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची स्थापना १९१७ ची. हुद्दा, जात, धर्म न बघता प्रत्येक मृताचं नाव लिहायचं, हे त्याचं तत्त्व. पण २०२१ मध्ये आयोगाच्याच समितीने कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, प्रामुख्याने आफ्रिकी, भारतीय आणि इजिप्शियन लोकांची, नावानिशी नोंद झालीच नाही. खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो. तत्त्व सगळ्यांसाठी होतं, दगड मात्र काहींसाठीच निघाला.

मामेभाऊ नावांच्या ओळींसमोर बराच वेळ उभा होता. मला वाटलं भावुक झाला असेल. पण तो हुद्दे वाचत होता. यातला कोण इंजिनवर, कोण स्वयंपाकघरात, कोण डेकवर, हे त्याला कळत होतं. मला दिसत होती ती नुसती नावं. त्याला कामाला लागलेलं आख्खं जहाज दिसत होतं.

आयोगाच्या संकेतस्थळावर या नोंदी शोधता येतात. काहींत वडिलांचं किंवा बायकोचं नाव असतं, काहींत गाव, जिल्हा. परत येताना लोकलमध्ये त्याने शोधाच्या चौकटीत रत्नागिरी टाकलं आणि अंगठा खाली सरकवत राहिला. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा गेलं. यादी संपत नव्हती.

तुमचं गाव किनाऱ्याजवळ असेल तर तुम्हीही टाकून बघा. फार नावं येतील. वाचायला वेळ लागेल, पण मावतात ती सगळी.